व्हॅनला कुणाचा फिल्टर

स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोन खोकी शेजारी शेजारी ठेवली होती, एक हिरवं आणि एक पांढरं. दोन्हींत ऑइल फिल्टरच होता. आकार सारखा, आटे सारखे, वजनही जवळपास तेवढंच. व्हॅनमावशीच्या व्हॅनला दोन्हींपैकी कुठलाही बसला असता. अडचण एवढीच की हिरवं खोकं तिच्या नवऱ्याच्या पसंतीचं होतं, पांढरं तिच्या भावाच्या दुकानातलं होतं, आणि व्हॅनला फिल्टर एकच लागतो.

आता फिल्टर म्हणजे काही दागिना नव्हे. खोक्याच्याच रंगाचा पत्र्याचा एवढासा डबा, आत घड्या घातलेला कागद. इंजिनातलं तेल त्या कागदातून गाळून पुढे जातं, संपलं. बोनेट उघडल्याशिवाय तो दिसत नाही आणि उघडल्यावरही त्याच्याकडे कुणी बघत नाही. असल्या वस्तूवरून घरात अबोला होईल असं कुणी सांगितलं असतं, तर मावशीने त्याला वेड्यात काढलं असतं. पण अबोला झाला होता, आणि चांगला दोन जेवणं टिकला होता.

मावशी शाळेची व्हॅन चालवायची. सकाळी मुलं न्यायची, दुपारी आणायची. व्हॅनमावशी हे नाव मुलांनी पाडलं, मग त्यांच्या आईबापांनी उचललं, आणि शेवटी बँकेतला कारकूनसुद्धा तिला त्याच नावाने हाक मारू लागला. नवऱ्याचं गॅरेज होतं. त्याला सगळे मिस्त्री म्हणत. दोन शब्दांत भागत असेल तर तिसरा खर्चायचा नाही, असा या गृहस्थाचा खाक्या. लग्नाची मागणी घालायलाही तो स्वतः काही बोलला नव्हता, सोबत आलेली त्याची आत्याच सगळं बोलली होती.

व्हॅनचं इंजिन त्याने नुकतंच पूर्ण उघडून नव्याने बांधलं होतं. त्या दिवसांत बाकीच्या गाड्या गॅरेजच्या दारात ताटकळत उभ्या राहिल्या, पण पठ्ठ्याने दुसऱ्या कामाला हात लावला नाही. अशा नव्याने बांधलेल्या इंजिनाचं पहिलं तेल लवकर बदलतात, कारण नवे भाग एकमेकांवर घासून बसताना त्यांचा बारीक कीस तेलात उतरतो. तो कीस धरायचा तो फिल्टरने. नाही धरला, तर तोच तेलाबरोबर फिरून पुन्हा इंजिनात जातो, आणि एखाद्या दिवशी भर चढावर, मागे मुलं दंगा करत असताना, सगळं जाम होऊन बसतं. हे मिस्त्रीनेच तिला एकदा समजावलं होतं. तेव्हापासून शाळेच्या वाटेवरचा चढ आला की मावशी इंजिनाच्या आवाजाकडे कान लावायची.

आता भावाविषयी. हा तिचा धाकटा. मिस्त्रीने त्याचं नाव ‘उद्योगपती’ ठेवलं होतं, आणि ते कौतुकाने ठेवलं नव्हतं. आधी त्याने पाणी शुद्ध करायची यंत्रं विकली. त्यातलं एक अजून मावशीच्या ओट्यावर होतं, त्यावर ती भांडी पुसायची फडकी वाळत टाकायची. मग गाद्या आणल्या, पाठीच्या दुखण्यावर रामबाण. मावशीच्या घरातली ती गादी मधोमध अशी खचली होती की नवराबायको भांडून दोन टोकांना झोपले तरी पहाटेपर्यंत मध्ये येऊन एकमेकांना धडकायचे. प्रत्येक वेळी धाकट्याने आपलंही घर त्याच मालाने भरलेलं असायचं, प्रत्येक वेळी तो छातीठोकपणे सांगायचा, आणि प्रत्येक वेळी तोंडघशी पडायचा. मनाने मात्र निर्मळ. फसवायचं म्हणून त्याने कुणाला कधी फसवलं नाही. तो स्वतःच पहिला फसायचा.

आणि आता फिल्टरची एजन्सी. पांढरं खोकं, वर निळी रेघ, नाव कुणी न ऐकलेलं.

“ताई, मी सगळ्या गॅरेजांत फिरलो,” तो परवा संध्याकाळी येऊन म्हणाला होता. “सगळे एकच विचारतात. तुझे दाजी लावतात का? मी म्हणतो, लावतील. ते म्हणतात, लावू दे, मग बघू. आता तूच सांग, घरातला माणूसच हात लावत नाही म्हटल्यावर बाहेरचा कोण घेणार? तुझ्या व्हॅनला लागला ना, की बास. तुझी व्हॅन सगळ्यांच्या डोळ्यासमोरून जाते.”

“आणि नाही लागला तर?”

“तर मग हेही दुकान बंद.” तो हसला, पण ते हसू काही जमलं नाही. “मग मात्र मी कुणाला तोंड दाखवणार नाही, ताई. खरंच सांगतो.”

त्याच रात्री जेवताना मावशीने विषय काढला. मिस्त्री म्हणाला, “नको.”

“का नको?”

“हिरवा लावू.”

“अहो, पण हा वाईट आहे असं तुम्ही बघितलंय का? उघडून बघा की एकदा!”

हे ती उगाच म्हणाली नव्हती. मिस्त्रीच्या गॅरेजची एक रीत होती. गाडीचं तेल बदललं की जुना फिल्टर तो कचऱ्यात टाकत नसे. त्याने स्वतः बनवलेली एक कातर होती, डब्याच्या मानेभोवती फिरवली की झाकण अलगद सुटायचं. करवत तो वापरू द्यायचा नाही, कारण करवतीचा कीस कागदात मिसळतो आणि मग इंजिनातलं काय नि करवतीचं काय, कळत नाही. आतला घड्यांचा कागद तो काढायचा, वर्तमानपत्रावर लांबच लांब पसरायचा आणि गाडीच्या मालकाला बोलावून दाखवायचा. कुठे चमकणारे कण दिसले, तर इंजिन आतून झिजतंय. नुसता काळा गाळ, तर तेल उशिरा बदललंय. याला गॅरेजात ‘कागद दाखवणं’ म्हणत, आणि कागद बघितल्याशिवाय कुणी गाडी घेऊन जात नसे. नव्या कंपनीचा माल आला की नवा कोरा फिल्टरही तो आधी असाच उघडून बघायचा. म्हणजे जो माणूस जगातला प्रत्येक फिल्टर कापतो, तो बायकोच्या भावाचा फिल्टर हातातसुद्धा घेईना.

“उघडून बघायची गरज नाही,” मिस्त्री म्हणाला.

“म्हणजे माझ्या माहेरचा आहे म्हणून?”

मिस्त्रीने ताटातून मान वर केली नाही. मावशीने पातेलं जरा जोरातच खाली ठेवलं. अबोला सुरू झाला तो इथे.

आणि अबोल्यात बाईमाणूस विचार करतं. मावशीनेही केला. नवऱ्याचा हात गुणी, हे खरं. पण धाकट्याचं नाव निघालं की त्याच्या कपाळाला आठी पडते, हेही खरं. पाण्याचं यंत्र बिघडलं, गादी खचली, म्हणून माणूसच मोडीत काढायचा का? तिने धाकट्याला कडेवर वागवलं होतं. त्याच्या पहिल्या पगाराची साडी अजून तिच्या कपाटात होती. तो शेवटच्या वेळी उभा राहू बघतोय आणि घरचाच माणूस त्याला हात देत नाही, या विचाराने तिला रडू आलं, आणि रडू आलं की तिला राग यायचा. दोन जेवणं अशी गेली, आणि सकाळी मुलांना शाळेत सोडेपर्यंत तिचा निर्णय झाला होता. व्हॅनला पांढरा लागेल. व्हॅन तिची, चालवते ती, नवऱ्याने लावला नाही तर दुसऱ्या गॅरेजात जाऊन लावून घेईल. हे धाकट्याला तोंडावर सांगावं म्हणून तिने व्हॅन थेट त्याच्या दुकानाकडे वळवली.

दुकान म्हणजे एका शटरचा गाळा. आत भिंतीला लागून पांढऱ्या खोक्यांची चळत, छतापर्यंत. धाकटा बाहेर स्वतःच्या गाडीचं बोनेट उघडून काच धुवायच्या डब्यात पाणी ओतत होता. बहिणीला बघून त्याचा चेहरा उजळला.

“ताई! दाजी हो म्हणाले?”

“ते काही म्हणोत. मी...”

पुढचं वाक्य मावशीच्या तोंडातच राहिलं. त्या गाडीचा फिल्टर इंजिनाच्या वरच्या अंगाला होता, बोनेट उघडलं की समोर दिसणारा. तो हिरवा होता.

तिने एकदा फिल्टरकडे बघितलं, एकदा आतल्या चळतीकडे.

“हे काय आहे रे?”

धाकट्याने बोनेट घाईघाईने खाली घेतलं. आता त्याचा काय उपयोग होता?

“तुझ्या गाडीला त्यांचा. आणि माझ्या व्हॅनला तुझा? मुलं असतात माझ्या व्हॅनमध्ये! स्वतःच्या गाडीला लावायची तुझी छाती होत नाही आणि मला...” मावशीचा आवाज चढला. शेजारच्या दुकानातला शिंपी मशीन थांबवून बघायला लागला. “वाईट आहे का माल? खरं सांग. मी नवऱ्याशी भांडून आलेय तुझ्यासाठी.”

“वाईट नाही.”

“कशावरून?”

“कंपनीचा माणूस सांगतो.”

“गादीवाल्यानेही सांगितलं होतं.”

धाकटा पायरीवर बसला. तो हातातल्या पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडत आणि लावत राहिला.

“मला माहीत नाही, ताई,” तो शेवटी म्हणाला. “चांगला असेल. वाईटही असेल. मी एकही उघडून बघितला नाही. धीरच होत नाही. आधीच्या वेळी माझी खात्रीच असायची गं, सगळ्यांत आधी माझ्याच घरी आणायचो. आणि काय झालं, तू बघितलंसच. आता हे सगळं भरून ठेवलंय, आणि कापला, आणि आत काही भलतंच निघालं, तर? मग विकणार कसा? न बघता निदान विकता तरी येतो.”

मावशीला त्याला एक थोबाडीत द्यावीशी वाटली आणि जवळही घ्यावंसं वाटलं. दोन्ही एकदम करता येत नाही, म्हणून तिने त्याचं मनगट धरलं.

“ऊठ. एक खोकं घे.”

“कुठे?”

“जिथे कापतात तिथे.”

व्हॅनमध्ये तो पुढच्या सीटवर खोकं मांडीवर घेऊन बसला, निकालाच्या दिवशी बसतात तसा. मावशीने व्हॅन गॅरेजकडे वळवली. तिच्या मनात मात्र वेगळंच काही सुरू झालं होतं. धाकट्याच्या गाडीचं काम मिस्त्रीच करायचा. म्हणजे तो हिरवा फिल्टर लावला कुणी?

गॅरेजात मिस्त्री एका गाडीची चाकं बसवत होता. बायको आणि मेहुणा असे जोडीने आलेले बघून त्याने पाना खाली ठेवला आणि हात पुसत उभा राहिला.

“याच्या गाडीला हिरवा तुम्ही लावलात?”

“हो.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं.”

मिस्त्रीने मेहुण्याकडे बघितलं. मेहुणा जमिनीकडे बघत होता.

“मी विचारलं, कुठला लावू,” मिस्त्री म्हणाला. “तुमचाच लावा म्हणाला. मग मी काय समजायचं?”

“आणि मला का नाही सांगितलं? मी काय काय बोलले तुम्हाला!”

“तुझा भाऊ आहे.” एवढं बोलून तो थांबला. मावशीला वाटलं झालं, संपलं. पण आज मिस्त्रीकडे आणखी शब्द निघाले. “सांगितलं असतं तर तुझ्या नजरेतून उतरला असता. आणि कापून बघितला असता, आणि वाईट निघाला असता, तर तेही मलाच सांगावं लागलं असतं. म्हटलं, हिरवा लावावा, विषय मिटवावा. तू माझ्यावर चिडलीस तर चिडलीस. माझ्यावर चिडून तू किती दिवस राहणार?”

 दोन जेवणं मावशीने या माणसाला उपाशी ठेवलं नव्हतं एवढंच, बाकी सगळं केलं होतं. आणि तो मूग गिळून बसला होता, तिच्या भावाची अब्रू सांभाळत. तिला त्याचा फार अभिमान वाटला आणि त्याच वेळी भयंकर राग आला. कारण भावाची अब्रू सांभाळण्याच्या नादात तोही न बघताच बसला होता.

“कापा,” ती म्हणाली.

“ताई, नको. इथे नको, सगळ्यांसमोर...”

“कापा म्हणते ना!”

मिस्त्रीने खोकं उघडलं. पांढरा डबा शिकंज्यात धरला, कातर लावली आणि हळूहळू फिरवायला सुरुवात केली. चाकं बसवून घ्यायला आलेला गाडीचा मालक उठून जवळ आला. धाकट्याने आधी पाठ फिरवली, मग राहवेना म्हणून पुन्हा वळला. झाकण सुटलं. मिस्त्रीने आतलं सगळं एकेक करून काढलं आणि वर्तमानपत्रावर मांडलं. मग न सांगता एक हिरवा काढला, तोही तसाच कापला आणि शेजारी मांडला.

आधी त्याने रबराची गोल पट्टी उचलली. गाडी बंद असताना तेल डब्यातून परत खाली उतरू नये म्हणून ती असते. स्वस्त मालात हीच कडक निघते. मिस्त्रीने ती बोटांत दुमडली, सोडली, पुन्हा दुमडली. मग आतली स्प्रिंग अंगठ्याने दाबून बघितली. मग कागदाच्या दोन्ही टोकांना जिथे तो चिकटवलेला असतो तिथे नख घालून ओढलं. शेवटी घड्या उलगडत गेला, पांढऱ्याच्या आणि हिरव्याच्या, शेजारी शेजारी, आणि कागद उजेडाकडे धरून त्याच्या आरपार बघितलं. हे सगळं करताना त्याच्या चेहऱ्यावरची माशी हलली नाही.  मावशीने धाकट्याचं मनगट पुन्हा धरलं होतं, आणि त्याची नाडी तिला आपल्या बोटांत लागत होती. वाईट निघाला तर आपण याला घरी नेऊ, ती मनाशी म्हणाली. जेवायला घालू, आणि उद्या ही सगळी चळत परत पाठवू. पण आता कळू दे. काय असेल ते कळू दे.

“घड्या थोड्या कमी आहेत,” मिस्त्री म्हणाला.

धाकट्याने डोळे मिटले.

“पण कागद जाड आहे. चिकटवलाय नीट. रबर चांगलं. स्प्रिंग तर हिरव्यापेक्षा बरी.” त्याने हात पुसले. “माल चांगला आहे. मी लावीन.”

गाडीचा मालक म्हणाला, “मग मलाही हाच लावा की.” त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

धाकटा उड्या मारेल असं मावशीला वाटलं होतं. गाद्यांच्या वेळी नमुना आला तेव्हा तो नाचला होता. आज तो पुढे झाला, वर्तमानपत्राशी उकिडवा बसला आणि तो उलगडलेला कागद बोटाने चाचपत राहिला. मग त्याचे खांदे हलायला लागले.

“अरे, चांगला निघाला ना? आता कशाला रडतोस?”

“चांगला निघाला म्हणूनच तर,” तो म्हणाला. “इतके दिवस चांगला माल मी चोरासारखा विकत फिरलो गं, ताई. कुणी डोळ्याला डोळा भिडवून विचारलं की मी नजर चुकवायचो. त्यांना तेवढंच दिसलं असणार. माझा माल कुणी नाकारलाच नव्हता, नाकारली ती माझी नजर.”

मावशी त्याच्या शेजारी बसली. साडीला तेल लागलं ते लागलं.

“मीही आज तुला हो म्हणायलाच आले होते,” ती हळू आवाजात म्हणाली. “तूही बघितलं नव्हतंस, यांनीही बघितलं नव्हतं, आणि मीही न बघताच मुलांना घेऊन त्या चढावर निघाले असते. तू माझा भाऊ आहेस, एवढ्यावर.”

 तिघांपैकी एकाच्याही मनात पाप नव्हतं. उलट तिघेही एकमेकांना जपत होते, आणि जपता जपता व्हॅनचं काय होईल हे कुणी बघितलं नव्हतं.

मिस्त्रीने व्हॅन आत घेतली, जुनं तेल काढायला भांडं सरकवलं. धाकटा नाक पुसत उठला आणि त्याच्यापाशी जाऊन उभा राहिला.

“दाजी, आणि वाईट निघाला असता तर?”

“तर आज कळलं असतं,” मिस्त्री म्हणाला आणि व्हॅनखाली गेला.